आडनावाला कोण हसते?

मराठी विनोदात आडनावाचा शिरकाव तसा उशिरा झाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या, गडकऱ्यांचा तळीराम, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही सगळी मंडळी पहिल्या नावानेच हसवतात. चिमणरावांचे आडनाव जोग होते हे आज किती वाचकांना आठवते? तो वाड्याचा आणि आळीचा काळ होता. पुढे चाळ आली, कचेरी आली, मस्टर आले, आणि माणसाला आडनावाने हाक मारण्याची रीत पडली. विनोदी लेखकाच्या हाती एक स्वस्त आणि हुकमी हत्यार आले. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच वाचक हसून मोकळा होतो.

हत्यार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मराठी समीक्षेने विनोदाची मीमांसा काही कमी केलेली नाही. विसंगती, अतिशयोक्ती, कोटी, श्लेष, उपहास असे सगळे प्रकार मोजून झाले. पण हसणारा कोण आणि ज्याचे आडनाव आहे तो कोण, हे मोजायचे राहिले. ते राहिले याचे कारण उघड आहे. मोजणारे आणि हसणारे एकाच पंगतीला बसलेले होते.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या हजेरीपटावरची काही आडनावे अशी : आत्राम, मडावी, उसेंडी, नरोटे, पुंगाटी, वेलादी, हिचामी, कुळमेथे. मग रामटेके, उंदीरवाडे, खोब्रागडे, मेश्राम, गेडाम, भैसारे, बांबोळे, निमगडे. मग दडमल, नन्नावरे, नाकाडे. आणि चंद्रपूरच्या बाजूने आलेली 'वार'वाली एक लांब रांग : गड्डमवार, कोत्तावार, चिलमवार. माझेही आडनाव याच गोतावळ्यातले आहे. लेखासोबत ते छापले जाईलच, ज्याला हसायचे त्याने हसून घ्यावे. एम.ए.ला असताना एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते ऐकून विचारले होते, ''हे आडनाव आहे की पत्ता?'' वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो, कारण न हसणारा माणूस तिथे जास्त उठून दिसला असता.

आता पु. ल. देशपांडे यांच्याकडे वळू. त्यांना टाळून हा विषय पुढे जाऊच शकत नाही, आणि त्यांना दोन शिव्या दिल्या की विषय संपला असेही मी मानत नाही. आडनावाचा विनोद मराठीत त्यांच्याइतका बारकाईने कोणी हाताळलेला नाही. 'असा मी असामी' (1964) मधल्या धोंडो भिकाजी जोशी या कारकुनाला त्यांनी 'कडमडे' हे गाव चिकटवले. मराठीत नको तिथे मध्येच येऊन पडणाऱ्या माणसाला आपण 'कडमडला' म्हणतो. जोशी हे आडनाव पंचांगाचे, अधिकाराचे. त्याच्या शेजारी कडमडे येऊन बसले आणि त्या आडनावाची सगळी ऐट उतरली. बिचारा धोंडो जन्मभर काळाच्या मध्ये कडमडत राहतो. इथे हसे होते ते पांढरपेशा कारकुनाचे, आणि ते करणारा लेखक त्याच पांढरपेशा घरातला. हा विनोद निरोगी आहे, कारण तो आपल्याच ओसरीवर बसून केलेला आहे.

पण जोशी या आडनावाची ऐट उतरवणारा पहिला लेखक पु. ल. नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जोतीराव फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात एक जोशी आहे, कुणबी आहे, त्याची बायको आहे आणि मध्येमध्ये बोलणारा विदूषक आहे. फुल्यांनी त्या जोशाला गावाचे नाव, बापाचे नाव काही दिले नाही. जोशी हाच त्याचा धंदा, जोशी हेच त्याचे नाव. म्हणजे शतकानुशतके जे बलुतेदारांच्या वाट्याला आले होते ते फुल्यांनी एकदा उलटे करून दाखवले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. मराठी विनोदाच्या इतिहासात 'तृतीय रत्न'मधल्या विदूषकाला अजून मानाचे पान मिळायचे आहे.

'व्यक्ती आणि वल्ली' (1962) मध्ये जरा थांबावे लागते. 'अंतू बर्वा' हे शीर्षकच पाहा. आडनाव बर्वे. मराठीत बर्वे, रामटेके, उंदीरवाडे, खोब्रागडे यांच्या शेवटी जो 'ए' आहे तो आदरार्थी अनेकवचनाचा आहे. तो काढून 'आ' लावला की अनेकवचन जाते आणि त्याबरोबर आदरही जातो. बर्वेचा बर्वा होतो. त्या बर्व्यात रत्नागिरीच्या आळीची सलगी आहे, म्हाताऱ्याच्या फाटक्या संसाराची खूण आहे, आणि पु. लं. नी ती एका स्वरात पकडली आहे. लेखक म्हणून मी त्यांना दाद देतो. पण आमच्या गावात हेच व्याकरण वेगळे चालते. पाटील रामटेक्यांच्या साठीच्या म्हाताऱ्याला 'का रे रामटेक्या' म्हणतो, आणि पाटलाचा दहा वर्षांचा नातूही 'का रे रामटेक्या' म्हणतो. व्याकरण तेच, स्वरही जवळजवळ तोच. बर्व्याला बर्वा म्हणणारा त्याच्या कट्ट्यावर बसून म्हणतो आणि उलट दोन शिव्या खायची त्याची तयारी असते. रामटेक्याला तशी उलट हाक मारायची सोय नव्हती.

त्याच पुस्तकात 'सखाराम गटणे' आहे, 'नंदा प्रधान' आहे, 'बापू काणे' आहे, 'लखू रिसबूड' आहे. आणि 'नामू परीट' आहे. गटणे, प्रधान, काणे, रिसबूड या रांगेत परीट हे आडनावाच्या जागी आलेले जातीचे नाव आहे. पु. लं. चे नामूवर प्रेम आहे, आकस मुळीच नाही, हे कोणीही वाचक सांगेल. म्हणून तर मुद्दा महत्त्वाचा. लेखकाच्या मनात वाईट काही नसतानाही भाषाच ते काम करून टाकते. बाकीच्यांना घराणे मिळते, नामूला धंदा मिळतो. आणि याच पुस्तकातल्या 'भैया नागपूरकरा'ला काय मिळते? अख्खे नागपूर. पुणे-मुंबईच्या वाचकाला विदर्भातला माणूस दाखवायचा तर गावाला 'कर' जोडला की भागते. आमच्याकडची खरी आडनावे कशी असतात हे कोणाला विचारावेसेच वाटले नाही.

याच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा' (1959) ठेवून पाहा. फकिरा राणोजी मांग. रचना तीच, आडनावाच्या जागी जात. पण ते नाव वाचताना हसू येते का? येत नाही. छाती भरून येते. म्हणजे नावात विनोद नसतो, नावाकडे पाहणाऱ्या डोळ्यात असतो. फकिरा ज्याने लिहिला तो त्या वाड्यातला होता.

गटण्याबद्दल मात्र मला चार शब्द जास्त बोलायचे आहेत. हा मुलगा पुस्तकातली मराठी बोलतो. साधी गोष्टही साहित्यिक वाक्यात सांगतो, आणि वाचक पोट धरून हसतो. त्याचे आडनाव आता सामान्यनाम झाले आहे. जरा पुस्तकी बोलणारा कोणीही पोरगा दिसला की त्याला गटणे म्हणतात. मला महाविद्यालयात तीन वर्षे गटणे म्हणत. माझा बाप तेंदूपानाच्या फळीवर मजुरी करणारा, आईला सही येत नव्हती. घरात झाडीबोली. या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा, वाळके आडनावाचा माणूस म्हणजे वारके. प्रमाण मराठी मला ऐकायला मिळाली ती फक्त पुस्तकातून. पुण्यातल्या मुलाला ती आईच्या मांडीवर मिळते, म्हणून तो ती सैल, अघळपघळ बोलू शकतो. मला ती छापील मिळाली, म्हणून मी छापील बोललो. जो मुलगा घरातला पहिला शिकणारा असतो त्याची भाषा पुस्तकी असणारच. दुसरी आणणार कोठून? गटण्याला हसताना मराठी मध्यमवर्ग आपल्याच पुस्तकी पोरांना हसत होता, हे खरे. पण हे आडनाव आमच्या वर्गात फेकले गेले तेव्हा ते दुसऱ्याच माणसांना लागले. याचा दोष पु. लं. चा नव्हे. तरीही विनोद लेखकाच्या हातातून सुटल्यावर कोठे जाऊन पडतो हे समीक्षेने पाहायचे नाही, तर कोणी पाहायचे?

आता आडनावाच्या अर्थाविषयी. आम्हाला नेहमी सांगतात की तुमची आडनावे मुळातच गमतीदार आहेत, उंदीरवाडे म्हटले की उंदीर ऐकू येणारच. ठीक आहे, कोशच उघडू. काणा म्हणजे एका डोळ्याचा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, 1963 साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचे नाव घेताना कोणाला एक डोळा आठवला आहे काय? बोबडा म्हणजे ज्याला स्पष्ट उच्चार जमत नाही तो. नागपूरचे शरद बोबडे 2019 ते 2021 या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. देशातल्या सर्वात वरच्या न्यायासनावरून ते बोलत तेव्हा आडनावाचा अर्थ कोणाच्या ध्यानातही आला नसेल. हे आडनाव धारण करणारांचा मी अनादर करीत नाही, उलट हेच योग्य आहे असे म्हणतो. आडनाव म्हणजे हाक, तिचा अर्थ विचारायचा नसतो. पण काण्यांच्या, बोबड्यांच्या बाबतीत जो कान बहिरा होतो तोच उंदीरवाड्यांच्या बाबतीत एवढा तिखट कसा होतो? प्रतिष्ठा आडनावाचा अर्थ गिळून टाकते. ज्याच्यापाशी ती नाही त्याच्या आडनावाचा अर्थ वर तरंगत राहतो.

चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार 1962 साली राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी पदावर असताना वारले. 'वार' आडनावांवरची सोमवार-मंगळवारची कोटी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेलुगूत 'वारु' म्हणजे त्या घरची माणसे. गोदावरी-प्राणहितेच्या काठाने तेलुगू आणि मराठी शेकडो वर्षे एकमेकींच्या घरात वावरल्या, त्याचा हा पुरावा आहे. कोटी करणाऱ्याला वाटते आपण शब्दाशी खेळलो. खरे तर आपल्याला शेजारची भाषा येत नाही, एवढेच त्याने जाहीर केलेले असते.

गोंडी आडनावांचे तर त्याहून नवल. आत्राम म्हटले की कोणीतरी शहाणा म्हणतोच, ''म्हणजे आत राम!'' मडावी ऐकून कोणाला मडके आठवते, कोणाला मढे. या नावांना मराठीत अर्थ नाही, कारण ती मराठी नाहीतच. गोंडांत आडनाव हे नुसते ओळखीचे नाव नव्हे, ते कायद्याचे पुस्तक आहे. अमुक आडनावे चार देवांची, अमुक पाच, अमुक सहा, अमुक सात देवांची. एका देवसंख्येची माणसे आपसात भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. जंगलात दोन अनोळखी माणसे भेटली तर आडनाव विचारताच आपण एकमेकांचे भाऊ की सोयरे हे त्यांना कळते. तेलंगणातल्या केसलापूरची नागोबाची जत्रा मेस्राम कुळाची. आमच्या बौद्ध वस्तीत मेश्राम आहेत आणि गोंडांतही आहेत, गेडामांचेही तसेच. केव्हा कोण कोणाच्या शेजारी राहिले, कोणी कोणाला आपले म्हटले, याचा केवढा इतिहास या एका गोष्टीत दडलेला असेल! विनोदी लेखकाला त्यात फक्त एक विचित्र आवाज ऐकू येतो. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. 2009 साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. तिकिटावर आल्यावर शेडमाके हे आडनाव गंभीर झाले. शाळेच्या हजेरीत मात्र त्याच धाटणीच्या आडनावांवर गुरुजी अजून अडखळतात आणि पोरे खिदळतात.

हे सारे नवे नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक. म्हणजे आमच्या नावाला हसणे ही कोणाची लहर नव्हती, ती व्यवस्था होती. दगडू, धोंड्या, कचरू ही त्या व्यवस्थेची फळे. दया पवार यांनी 'बलुतं' (1978) ची सारी रचनाच दगडू मारुती पवार आणि दया पवार या दोन नावांच्या संवादावर उभी केली, ती उगीच नव्हे. आडनावाचा प्रश्न तर पुढचा. आमच्या आज्याला गावात आडनाव नव्हतेच. कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावे आहेत, त्यांच्या शेवटी 'नाक' आहे. पलटणीच्या पटावर त्या एका 'नाक'ने जात कळत असे. त्या शब्दावरही कोटी करता येईल. पण त्या खांबापुढे उभे राहून ती कोणी करून दाखवावी.

आंबडवे या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. बाबासाहेबांचे आडनावही शाळेच्या पटावरच घडले. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या घरांतून कचरू, दगडू गेले आणि सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता आले. पहिले नाव आम्ही बदलले, आडनाव मात्र बहुतेकांनी तसेच ठेवले. म्हणून आज माझ्या वर्गात राहुल उंदीरवाडे, सुजाता भैसारे अशा धाटणीची नावे बसतात. अर्धे नाव आम्ही ठेवलेले, अर्धे आम्हाला मिळालेले. आमच्या कथाकारांना यात केवढा मोठा विषय आहे!

पण तो कोणी घेत नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. मुले कथा देतात. भामरागडच्या, एटापल्लीच्या, सिरोंच्याच्या, ब्रह्मपुरीच्या बाजूची मुले. कथेतल्या नायकाचे नाव असते अनिकेत सरदेशमुख किंवा विक्रम इनामदार. नायिका कोणी प्रधान नाहीतर देशपांडे. घटना घडते ती बंगल्यात. आणि त्या बंगल्यात एक नोकर असतो, तो उलटेसुलटे बोलतो, चहाचे कप पाडतो. त्याचे आडनाव मात्र आमच्याकडचे असते. मी एकाला विचारले, ''अरे, नायकाला तुझे आडनाव का नाही दिलेस?'' तो म्हणाला, ''सर, मग ती कथा विनोदी होईल ना!'' या एका वाक्यात मराठी विनोदाने आमचे काय केले ते सगळे आले. दुसऱ्याने आम्हाला हसणे सहन करता येते. पण पोराला प्रेम करणारा, झगडणारा, मरणारा माणूस आपल्या आडनावाचा असू शकतो हे खरेच वाटू नये, याला काय म्हणावे?

झाडीपट्टी रंगभूमीवरही हेच दुखणे आहे. वडशाच्या कंपन्या दिवाळीनंतर बाहेर पडतात, शंकरपटाच्या गावी रात्रभर नाटके होतात, हजारो माणसे कांबळी पांघरून बसतात. मी पाहिलेल्या नाटकांत नायक आणि खलनायक बहुधा वतनदारी आडनावाचे आणि प्रमाण मराठी बोलणारे. झाडीबोली बोलतो तो विनोदी नट. पण एक मोठा फरक आहे. त्या मंडपात विनोदी नटच राजा असतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती अशाच भूमिकांनी लोकांच्या मनात घर केल्यामुळे. प्रेक्षक त्या पात्राला हसत नाहीत, त्या पात्राबरोबर इनामदाराला हसतात. एका नाटकात गावात आलेला साहेब लोकांची आडनावे वाचताना पाच वेळा अडखळला. विनोदी नटाने साहेबाचे आडनाव विचारले आणि ते सहा तऱ्हांनी चुकीचे उच्चारले. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. एवढे साधे, पण आडनावाचा विनोद कसा करावा याचा धडा त्यात होता. अडखळणारी जीभ साहेबाची होती, म्हणून हसू साहेबाचे झाले.

दलित साहित्यात विनोद नाही, असा आरोप प्रस्थापित समीक्षक अधूनमधून करतात. भीमराव कर्डकांचे जलसे ज्यांनी ऐकले नाहीत त्यांनी तो करावा. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची कथा नावाच्या बाबतीत फार सोवळी झाली आहे. एकतर नायकाला आडनावच नसते, नाहीतर ते इतके गुळगुळीत असते की तो कोठल्या जिल्ह्याचा हेही कळू नये. अपमानाच्या शब्दाला उचलून त्याचेच शीर्षक करायचे धैर्य शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी' (1984) मध्ये दाखवले. तेच धैर्य कथाकारांनी आडनावापुरते का दाखवू नये?

या बाबतीत अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडून घेण्यासारखे आहे. गुलामांना आडनाव मालकाचे मिळे. म्हणून माल्कम लिटलने ते टाकून नुसती फुली लावली आणि माल्कम एक्स झाला. हा एक मार्ग झाला, नकाराचा. टोनी मॉरिसन यांनी 'साँग ऑफ सॉलोमन' (1977) या कादंबरीत दुसरा दाखवला. त्यातल्या कुटुंबाचे आडनाव आहे डेड, म्हणजे मेलेला. आजोबा गुलामीतून सुटून नाव नोंदवायला गेले. टेबलामागचा गोरा शिपाई दारू प्यालेला. त्याने विचारले, जन्म कोठला? मेकन. बाप कोण? मेला. शिपायाने उत्तरे भलत्याच रकान्यांत लिहिली आणि माणसाचे नाव झाले मेकन डेड. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्याला ते कळलेही नाही. पुढे बायकोला मात्र ते नाव आवडले, कारण त्याने मागचे सगळे पुसले जाईल असे तिला वाटले. वाचताना हसू येते, आणि हसता हसता आपण कोणाला हसतो आहोत ते कळते : त्या टेबलाला, त्या दारूला, त्या रकान्यांना. डेड घराण्याला कोणी हसत नाही. आणि पुढची सगळी कादंबरी त्या घराण्याचे खरे नाव शोधत जाते. एका विचित्र आडनावातून मॉरिसन यांनी अख्ख्या जमातीचा इतिहास उकलून काढला.

आमच्याकडे असे रकाने थोडे आहेत काय? एकाच घरातल्या आजोबाच्या सातबाऱ्यावर एक आडनाव, बापाच्या दाखल्यावर दुसरे, मुलाच्या दाखल्यावर तिसरे. लिहिणारा मास्तर किंवा तलाठी बाहेरगावचा. त्याने जे ऐकले ते लिहिले. जात पडताळणीच्या वेळी ही वेलांटी-काना घेऊन माणसे गडचिरोलीला खेटे घालतात. यातले दुःख लिहिणारे पुष्कळ आहेत. यातला विनोद लिहायचा बाकी आहे, आणि तो आम्हीच लिहू शकतो, कारण त्यात कोणाला हसायचे हे आम्हाला पक्के माहीत आहे.

मागच्या वर्षी वार्षिकांकासाठी धानोऱ्याकडच्या एका विद्यार्थिनीने अशी एक कथा दिली. कथेतल्या मुलीला तिने स्वतःचेच आडनाव दिले होते. मुलीच्या कागदांवर आडनावाची तीन रूपे निघतात. बाबू विचारतो, यातले खरे कोणते? बाप गप्प. सोबत आलेली आजी पुढे होते आणि बाबूला म्हणते, ''आमी सा देवाचे, बाबू. तुमी किती देवाचे?'' बाबूला उत्तर सुचत नाही. तो शेजारच्या टेबलावरच्या बाबूकडे पाहतो. त्यालाही माहीत नसते. आजीला वाटते, एवढा शिकलेला माणूस आणि याला आपले देव किती तेही ठाऊक नाही, मग याची सोयरीक तरी कोणी कशी केली असेल! ती त्याला धीर देते, घरी जाऊन आईला इचार म्हणते. कथेत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. 'इचार' मात्र तसेच ठेवले, आणि आडनावाची तिन्ही रूपेही तिने लिहिली होती तशीच छापायला दिली.